प्रश्न जतचे, मग अभ्यास परगावचा का?

फेब्रुवारी उजाडला की जत तालुक्याच्या शिवारात एक दृश्य हमखास दिसते. ज्वारीच्या रानाकडेला मोटारसायकली थांबतात. एकाच्या हातात टेप, दुसऱ्याच्या हातात चार खुंट्या आणि सुतळी, तिसऱ्याच्या बगलेत फाईल. दहा मीटर लांब आणि पाच मीटर रुंद असा प्लॉट आखला जातो. त्यातली ताटे कापून कणसे खुडतात, मळतात, दाणे तराजूत पडतात, मोबाईलवर फोटो निघतो, सह्या होतात आणि मंडळी पुढच्या गावाला निघून जातात. बांधावर उभा असलेला शेतकरी घरी जाऊन सांगतो, "काय न्हाय, सरकारचं कायतरी मोजमाप हाय."

वाचकहो, ते "कायतरी मोजमाप" म्हणजे पीक कापणी प्रयोग. यातला शेवटचा शब्द नीट पाहा. प्रयोग! तुमच्याच रानात, तुमच्या डोळ्यांदेखत, तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक दरवर्षी एक शास्त्रीय प्रयोग करतात. तरीही संशोधन म्हटले की आपल्याला राहुरीचे विद्यापीठ, पांढरा कोट आणि काचेच्या नळ्या आठवतात. मी स्वतः कृषी पदविका घेतलेला माणूस. नोकरीची पहिली काही वर्षे मलाही असेच वाटे. संशोधन मोठ्यांनी करायचे, शिफारस वरून यायची आणि आपण ती पोस्टमनसारखी गावात पोचवायची. हे वाटणे चुकीचे होते. त्याची किंमत आम्हा कर्मचाऱ्यांना नव्हे, तर तुम्हाला मोजावी लागते, म्हणून आजचा हा लेख.

(जाता जाता एक खुलासा. तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी, ग्रामसेवकांना ग्रामपंचायत अधिकारी आणि कृषी सहायकांना सहायक कृषी अधिकारी अशी नवी पदनामे मिळाली आहेत. पण गावात अजून जुनीच नावे चालतात, म्हणून मीही तीच वापरतो.)

बुधच्या माणसाने दिलेला धडा

प्लॉट दहा बाय पाचचाच का? दोन बाय दोनचा घेतला तर काम लवकर उरकेल की! हा प्रश्न मलाही पडला होता. त्याचे उत्तर आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यात सापडते. खटाव तालुक्यात बुध नावाचे गाव आहे. आपल्यासारखाच दुष्काळी मुलूख. त्या गावी १९११ साली पांडुरंग वासुदेव सुखात्मे जन्मले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात त्यांनी संख्याशास्त्राची डॉक्टरेट मिळवली आणि १९४० पासून भारतीय कृषी संशोधन परिषदेत संख्याशास्त्राचे काम उभे केले. पुढे ते रोमला जागतिक अन्न व शेती संघटनेत गेले, पण त्याआधी त्यांनी आपल्या देशाला पीक मोजायला शिकवले.

त्या काळी पीक किती आले ते पाटील आणि तलाठी नजरेने सांगत. आणेवारी म्हणतात ती हीच. रुपयाला इतके आणे पीक. नजर माणसाची, त्यामुळे तीत भीड आली, भीती आली आणि वरच्या साहेबाची मर्जीही आली. सुखात्मे आणि त्यांचे सहकारी वि. गो. पानसे यांनी आग्रह धरला की रान नजरेने निवडायचे नाही, चिठ्ठी टाकल्यासारखे निवडायचे, आणि त्यातला तुकडा प्रत्यक्ष कापून तोलायचा. हा चिठ्ठीचा विचार इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेड या शेती संशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर या संख्याशास्त्रज्ञाने पक्का केला होता. सुखात्मे-पानसे जोडीने तो आपल्या खेड्यांतल्या कर्मचाऱ्याच्या हातात दिला.

आणि प्लॉटच्या आकाराचे म्हणाल, तर सुखात्म्यांनी १९४६ च्या सुमारास दाखवून दिले की प्लॉट फार लहान घेतला तर उतारा फुगून येतो. कारण सोपे आहे. सुतळीवर येणारे ताट आत घ्यायचे की बाहेर ठेवायचे, असा प्रश्न आला की माणसाचा हात ते आत ओढतो. मोठ्या प्लॉटमध्ये कडेची चार ताटे इकडची तिकडे झाली तरी फारसे बिघडत नाही. लहान प्लॉटमध्ये तीच चार ताटे सगळा हिशेब बिघडवतात. हे शोधायला कुठलीही प्रयोगशाळा लागली नाही. रान, दोरी, तराजू आणि "असे का?" असा एक प्रश्न, एवढ्यावर ते झाले.

याच दोघांनी १९५४ मध्ये एक पुस्तक लिहिले. त्याच्या नावाचा अर्थ होतो, शेतीतल्या कामगारांसाठी संख्याशास्त्राच्या पद्धती. शास्त्रज्ञांसाठी असे नव्हे, तर शेतीत काम करणाऱ्यांसाठी! सत्तर वर्षांपूर्वी आपल्या माणसांनी हा दरवाजा उघडून ठेवला होता. आत जायचे मात्र आमचे राहूनच गेले.

माझा पहिला प्रयोग आणि आजीबाईंचा ठपका

आता माझी गोष्ट सांगतो. लाज वाटते, पण सांगतो. नोकरीत नवीन असताना माझ्याकडे ज्वारीचा एक प्रयोग आला. नियमाप्रमाणे गट क्रमांक यादृच्छिक आकड्याने निघाला होता. पुढे रानाच्या नैऋत्य कोपऱ्यापासून आकड्याप्रमाणे इतकी पावले लांबीला, इतकी रुंदीला चालून खुंटी ठोकायची असते. ऊन मी म्हणत होते. अजून दोन गावे उरली होती. मी रस्त्याकडेच्या टोकाला, तालीजवळ खुंटी ठोकली. तिथे ओल धरलेली, ताटे डोक्याएवढी. वरच्या अंगाचे रान मुरमाड, तिथली ज्वारी गुडघ्याच्या वर गेलेली नव्हती. तिकडे मी गेलोच नाही.

रानाची मालकीण म्हातारी होती. ती काही बोलली नाही. आम्ही निघालो तेव्हा एवढेच म्हणाली, "सायेब, रानाचं त्वांड बगितलासा, पाठ बगायची ऱ्हायली की."

त्या वाक्याचा अर्थ मला रात्री हिशेब मांडताना कळला. प्लॉट ५० चौरस मीटरचा, हेक्टर १० हजार चौरस मीटरचा. म्हणजे प्लॉटमध्ये जे वजन येईल त्याला २०० ने गुणायचे. प्लॉटमध्ये १ किलो दाणे जास्त आले की हेक्टरी २०० किलो जास्त दिसतात. आणि पीक विम्यासाठी एका महसूल मंडळात एका पिकाचे किमान १० प्रयोग धरतात. म्हणजे माझ्या एका आळसाने साऱ्या मंडळाची सरासरी हेक्टरी २० किलोने वर सरकते. मंडळात गावे किती, त्यांतले विमा भरलेले शेतकरी किती, याचा विचार करा. सरासरी उंबरठा उत्पन्नाच्या खाली गेली तरच भरपाई. ती किती खाली गेली त्यावर रक्कम. माझ्या खुंटीने त्या आजीच्याच नव्हे, ज्यांना मी कधी पाहिलेही नाही अशा माणसांच्या ताटातला घास कमी केला असणार.

कोणी म्हणेल, मग आकडा मुद्दाम कमी दाखवा, सगळ्यांचे भले होईल. नाही हो! उंबरठा उत्पन्न मागच्या सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांच्या सरासरीवरून काढतात. आज खोटा कमी आकडा लिहिला तर उद्या उंबरठाच खाली येतो आणि खऱ्या दुष्काळात भरपाई मिळत नाही. म्हणून एकच मार्ग, खरा आकडा. २०२५ च्या खरिपापासून तर राज्यात पीक विम्याची भरपाई पीक कापणी प्रयोगांच्या उत्पन्नावरच बेतली आहे. तेव्हा त्या दहा बाय पाचच्या प्लॉटचे मोल किती वाढले, ते तुम्हीच ठरवा.

यादीत जत का नव्हता?

विम्याचे झाले, आता दुष्काळाचे पाहू. ऑक्टोबर २०२३ च्या शेवटच्या दिवशी शासनाने राज्यातल्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. सांगली जिल्ह्यातले शिराळा, कडेगाव, खानापूर-विटा आणि मिरज हे चार तालुके त्यात होते. जत नव्हता. पुढे कमी पावसाच्या महसूल मंडळांना दुष्काळसदृश म्हणून सवलती मिळाल्या, ही गोष्ट वेगळी. पण त्या वेळी चावडीवर, पारावर, एस.टी.त एकच प्रश्न होता, "पाऊस नाही, पेर नाही, अन् आपलं नाव का नाही?"

आज दुष्काळ नजरेने ठरत नाही. २०१६ च्या केंद्राच्या दुष्काळ संहितेप्रमाणे आधी पाऊस किती पडला आणि किती दिवस ओढ दिली ते पाहतात. मग उपग्रहावरून पिकांची हिरवाई, जमिनीतली ओल, भूजल अशा निर्देशांकांची चाळणी लागते. त्यातून जो तालुका पुढे येतो तिथे सत्यमापन होते. दहा टक्के गावे यादृच्छिक पद्धतीने निवडायची आणि तिथे मुख्य पिकांची प्रत्यक्ष पाहणी करायची. ही पाहणी कोण करतो? पुन्हा आम्हीच. तलाठी, कृषी सहायक, ग्रामसेवक.

आपला तालुका जिल्ह्यात क्षेत्रफळाने सर्वांत मोठा. डफळापूरला सर आली तर उमदीला धुरळा, आणि संखला ढग आले तर जत शहरात ऊन, हे तुम्हाला मी सांगायला नको. बोर नदीकाठची काळी जमीन वेगळी आणि माळावरची मुरमाड वेगळी. एवढ्या मोठ्या शिवाराची कहाणी मोजक्या पर्जन्यमापकांनी आणि आकाशातल्या उपग्रहाने पूर्ण सांगावी, ही अपेक्षाच जास्त आहे. तिथे गावाची स्वतःची नोंद हवी. रोज सकाळी साडेआठला मोजलेला पाऊस, तारखेनिशी, खाडाखोड न करता, पाच वर्षे लिहिलेला. अशी वही असेल तर ती आपल्या बाजूने बोलते. नसेल तर आपण फक्त ओरडतो.

इथे संशोधनाचे कौशल्य आणि गावाचे पोट यांचा थेट संबंध येतो. आम्ही कर्मचारी वर्षभर माहिती गोळा करतो. अहवाल, तक्ते, ॲप, पोर्टल, काही विचारू नका. पण ती माहिती वर जाते आणि वरच राहते. माहिती गोळा करणे म्हणजे संशोधन नव्हे. माहितीला एक प्रश्न विचारला, तिची कशाशी तरी तुलना केली आणि उत्तर आले तसे, आवडले नाही तरी, लिहून ठेवले, तर ते संशोधन.

साहेब लोकांनी नव्हे, खात्यातल्या माणसांनी

हे काही नवे खूळ नाही. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन यांनी सहकाऱ्यांना घेऊन पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाचा घरोघर जाऊन अभ्यास केला. तो १९१७ मध्ये छापला गेला. आज तिथे उंच इमारती आहेत, तेव्हा ते चार खेड्यांसारखे खेडे होते. त्यांनी जुनी दफ्तरे चाळली आणि दाखवले की १७७१ मध्ये तिथे सरासरी धारणा ४० एकर होती, ती १९१४-१५ पर्यंत ७ एकरांवर आली. जमिनीचे तुकडे पडताहेत हे सगळ्यांना दिसत होते, पण किती आणि कधीपासून हे त्या आकड्याने प्रथम सांगितले. १९२१ मध्ये दुसऱ्या गावाचा, जातेगाव बुद्रुकचा अभ्यास आला. त्यावर मॅन यांच्या नावाशेजारी ना. वि. कानिटकर हे नाव आहे. कानिटकर शेती खात्यातले नोकरदार.

हेच कानिटकर पुढे कोरडवाहू शेतीच्या संशोधनाचे आधारस्तंभ झाले. १९३३ पासून देशात कोरडवाहू संशोधनाची जी पाच केंद्रे निघाली त्यांत सोलापूर आणि विजापूर होती. दोन्ही आपल्या शेजारची. बांधबंदिस्ती, खोल नांगरट, कमी बी, ओळींत जास्त अंतर, वरचेवर कोळपणी, हे जे आज आम्ही तुम्हाला सांगतो ते त्या कामातून आले. १९४४ मध्ये कानिटकरांचा कोरडवाहू शेतीवरचा ग्रंथ निघाला. आपल्या घरातली मालदांडी ३५-१ ज्वारीसुद्धा त्याच काळातली. सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळला स्थानिक मालदांडीतूनच ती निवडून काढली. बी शेतकऱ्याचे, नजर खात्यातल्या माणसाची.

सुट्टीच्या शनिवारची शाळा

मग आम्ही काय करतो आहोत? फार काही नाही. आम्ही सहा-सात कर्मचारी महिन्यातून एका सुट्टीच्या शनिवारी बसतो. ग्रामसेवक, कृषी सहायक, पशुधन पर्यवेक्षक, प्राथमिक शिक्षक, आरोग्य सेविका. चहा आपापल्या पैशाचा. नियम एकच. प्रत्येकाने आपल्या कामातला एक प्रश्न आणायचा आणि बाकीच्यांनी तो फोडायचा.

पहिल्या बैठकीला मी मोठ्या ऐटीत लिहून नेले होते, "जत तालुक्यातील कोरडवाहू शेतकऱ्यांच्या समस्यांचा अभ्यास." शिक्षक मित्राने विचारले, "समस्या कोणती? शेतकरी कोणते? अभ्यास संपला हे कळणार कसं?" माझी बोलतीच बंद. दोन बैठकांनंतर तो प्रश्न असा झाला. एकाच गावात, एकाच आठवड्यात पेरलेल्या रब्बी ज्वारीत, पावसाळ्यात वाफे पाडून पाणी जिरवलेल्या रानात आणि तसेच ठेवलेल्या शेजारच्या रानात, उताऱ्यात फरक किती? हा प्रश्न लहान आहे, पण त्याचे उत्तर मिळू शकते. आधीचा मोठा होता आणि त्याला उत्तरच नव्हते.

इतरांचे प्रश्नही असेच घडले. ऊसतोडीला आईबाप गेले की नोव्हेंबरात वर्गातली कोणती मुले जातात आणि कोणती आजीपाशी राहतात, आणि परत आल्यावर वाचनात किती मागे पडतात, हा शिक्षकांचा प्रश्न. माडग्याळी मेंढीचे कोकरू तीन महिन्यांत किती भरते, आणि बांधून चारलेले व रानात हिंडवलेले यांत फरक किती, हा पशुधन पर्यवेक्षकांचा. टँकरच्या महिन्यांत जुलाबाचे रुग्ण कोणत्या वस्तीवर वाढतात, हा आरोग्य सेविका ताईंचा. आणि ग्रामसेवकांचा तो पावसाच्या वहीचा.

यातून आम्ही जे शिकलो ते चार ओळींत सांगतो. आपल्या मुलांनाही शिकवा.

एक, प्रश्न एका वाक्यात मांडता आला पाहिजे. नाही आला तर तो अजून पिकलेला नाही.

दोन, तुलनेला शेजारचे रान हवेच. नुसते "औषध मारले आणि पीक चांगले आले" याला अर्थ नाही. न मारलेला पट्टा शेजारी ठेवला होता का? आणि कुठल्या पट्ट्यात मारायचे ते चिठ्ठी टाकून ठरवले होते का? नाही तर आपण चांगल्या जमिनीतच नवे वाण लावतो आणि वाणाची वाहवा करतो. माझी तालीजवळची खुंटी आठवा.

तीन, एका रानावर विसंबू नये. चार-पाच रानांत, दोन-तीन हंगामांत तेच दिसले तर बोलावे. एका पावसाने शहाणे होऊ नये आणि एका दुष्काळाने खचू नये.

चार, फसलेले आधी लिहावे. आमच्या अहवालांत "प्रात्यक्षिक यशस्वी" एवढेच असते. न उगवलेले बी, वाळून गेलेला प्लॉट, वाफे पाडूनही न वाढलेला उतारा, हे कुणी लिहीतच नाही. मग पुढचा माणूस त्याच खड्ड्यात पडतो.

हिशेबाला अडलो तर जतला राजे रामराव महाविद्यालय आहे, तिथल्या प्राध्यापकांना विचारावे. पीक-पाण्याचे अडले तर कांचनपूरचे कृषी विज्ञान केंद्र आणि सोलापूरचे कोरडवाहू संशोधन केंद्र आहे. डाळिंबाचे अडले तर सोलापुरातच २००५ पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. तेल्याने बाग गेली की आपण दैवाला दोष देतो, पण तेल्यावरच दिवसरात्र काम करणारी माणसे आपल्याजवळ आहेत.

पैसा कुठून आणायचा?

हा प्रश्न सगळ्यात आधी विचारला जातो, तो मी मुद्दाम शेवटी ठेवला. कारण सांगतो. माझा पहिला प्रस्ताव एका कार्यालयातून जसाच्या तसा परत आला. मी त्यात लॅपटॉप, कॅमेरा, प्रवास भत्ता, बॅनर, उद्घाटनाचा चहा-नाश्ता असे सगळे मांडले होते. वरच्या बाजूला लाल शाईने दोनच शब्द होते, "प्रश्न काय?" चार दिवस राग आला. पाचव्या दिवशी कळले की शेरा बरोबर आहे.

प्रस्ताव म्हणजे मागणीपत्र नव्हे. त्यात सहा गोष्टी लागतात. प्रश्न कोणता. त्यावर आधी कोणी काय केले आहे. आपण कसे मोजणार. किती दिवसांत. कोणत्या बाबीवर किती खर्च. आणि उत्तर मिळाल्यावर ते कोणाच्या कामाला येणार. ही शेवटची ओळ सर्वांत महत्त्वाची. ती लिहिताना डोळ्यांपुढे एखादा खरा शेतकरी आणा, लेखणी आपोआप सरळ चालते.

आता वाटा सांगतो. जिल्ह्यात कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणा, म्हणजे आपली 'आत्मा' आहे. तिच्या कामाच्या गाभ्यातच संशोधन आणि विस्तार यांची गाठ आहे. जिल्ह्याचा संशोधन व विस्ताराचा आराखडा तिथे बनतो, आणि स्थानिक प्रश्नांवरच्या छोट्या चाचण्या कृषी विज्ञान केंद्र किंवा संशोधन केंद्रामार्फत घेता येतात. तालुक्याला शेतकऱ्यांची सल्लागार समिती असते. तिच्यात आपला प्रश्न मांडायला कर्मचारीच हवा असे नाही, तुम्हीही मांडू शकता.

दुसरी वाट जिल्हा नियोजन समितीची. जिल्हा वार्षिक योजनेत नावीन्यपूर्ण योजनांसाठी वेगळी तरतूद असते. पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेच्या खात्यांनी वेळेत, नीट मांडलेला प्रस्ताव दिला तर तिथे विचार होऊ शकतो.

तिसरी वाट महाविद्यालयांची. शासनाने २०१६ मध्ये उन्नत महाराष्ट्र अभियानाचा निर्णय काढला. मागे मुंबई आयआयटीतल्या 'सितारा' या ग्रामीण तंत्रज्ञान केंद्राचे काम होते. प्रश्न जिल्ह्याच्या यंत्रणेने द्यायचा आणि अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या मुलांनी गावात येऊन अभ्यास करायचा, अशी ती कल्पना. नळपाणी योजना का बंद पडते, तलावातला गाळ किती, टँकरच्या फेऱ्या कशा आखाव्यात, असे प्रश्न आपल्याकडे पोत्याने आहेत. सांगलीत १९४७ पासूनचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. मागितले तरच मिळेल.

चौथी वाट नाबार्डची. तिच्याकडे संशोधन आणि विकासासाठी स्वतंत्र निधी आहे. पण तिथे ग्रामसेवकाने किंवा माझ्यासारख्याने स्वतःच्या नावाने अर्ज करून भागत नाही, हे आधीच सांगतो. विद्यापीठ, महाविद्यालय, कृषी विज्ञान केंद्र अशी संस्था पुढे हवी आणि आपण तिच्यासोबत. शिक्षकांसाठी जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था आहे, तिथे कृतिसंशोधनाचे मार्गदर्शन मिळते. आणि सर्वांनाच शिकायचे असेल तर पुण्याची यशदा आहे.

एक पथ्य पाळावे. कर्मचाऱ्याने प्रस्ताव योग्य मार्गाने, वरिष्ठांची परवानगी घेऊनच पाठवावा. संशोधनाच्या नावाखाली रोजचे काम बाजूला पडले तर लोक आम्हाला शिव्या देतील, आणि त्या रास्त असतील.

तुम्ही विचाराल, तुमच्या प्रस्तावाचे काय झाले? दुसऱ्यांदा लिहिला, एका संस्थेला सोबत घेतले, पाठवला. निकाल अजून आलेला नाही. पण गंमत अशी की त्याची वाट पाहत बसावे लागले नाही. वाफे पाडलेल्या आणि न पाडलेल्या रानांची निवड चिठ्ठ्या टाकून झाली. टेप, सुतळी आणि तराजू खात्याचाच. वही माझी. पैसा आला तर पाच रानांची पंधरा होतील. नाही आला तर पाचांची नोंद तरी राहील.

तुमच्याकडे एक मागणे

शेतकरी बंधू-भगिनींनो, या कामात तुमची गरज आहे. पीक कापणी प्रयोग गावात कधी, कोणत्या गटात आहे ते ग्रामपंचायतीत विचारा आणि त्या दिवशी हजर राहा. खुंटी कुठे ठोकली, पावले आकड्याप्रमाणे मोजली का, वजन किती आले, हे पाहा. साहेब सावलीतल्या ज्वारीकडे वळायला लागला तर त्याला हटका. राग मानू नका, मीही एकदा तसाच वळलो होतो.

सरपंचांनो, ग्रामपंचायतीच्या आवारात एक साधा पर्जन्यमापक बसवा. झाडाखाली नको, भिंतीलगत नको, मोकळ्यात. शाळेतल्या सातवीच्या दोन पोरांना वही द्या. रोज सकाळी एक आकडा. पाऊस नसला तरी शून्य लिहायचे, कारण आपल्या तालुक्याची खरी कहाणी त्या शून्यांतच आहे.

आणि माझ्या कर्मचारी मित्रांनो, वरून येणारा तक्ता भरून झाला की आणखी पाच मिनिटे बसा. त्या तक्त्याला एक प्रश्न विचारा.

ती आजी मागच्या मोसमात पुन्हा भेटली. त्या वर्षी तिच्याच गटाचा आकडा निघाला नव्हता, शेजारच्याचा निघाला होता. मी नैऋत्य कोपऱ्यापासून पावले मोजत मुरमाड भागात गेलो. आजी बांधावर बसून बघत होती. वजन झाले, वहीत लिहिले. ती म्हणाली, "आज बरं हाय. आता पाठ बी बगितलासा."

(लेखक जत तालुक्यात कृषी विस्तार अधिकारी आहेत.)